टेक्सासच्या मतपत्रिकेवरची काउंटीची पदं: कोण काय करतं?

रानजाई
नागरिकत्वानंतरचं पहिलंच मतदान, ३ नोव्हेंबर २०२६ ला. गव्हर्नरपर्यंत समजतं. नमुना मतपत्रिकेत त्याखाली काउंटी जज, कमिशनर, काउंटी क्लर्क, डिस्ट्रिक्ट क्लर्क, जस्टिस ऑफ द पीस अशी रांगच आहे. यातलं कोण काय बघतं? घराचा कर वाढलाय, त्यासाठी कोणाला धरायचं? आणि मतदार कार्डावर प्रिसिंक्टचे (विभागांचे) वेगवेगळे आकडे का?

घाटावरचा
काउंटी जज म्हणजे आपला कलेक्टर, हे आधी डोक्यातून काढा. मोठ्या काउंटीत तो खटलेही फारसे चालवत नाही, वकील असण्याची अटही नाही. तो आणि चार कमिशनर मिळून 'कमिशनर्स कोर्ट'. नाव कोर्टाचं, काम जिल्हा परिषदेच्या जवळचं: बजेट, काउंटीच्या कराचा दर, शहराच्या हद्दीबाहेरचे रस्ते, तुरुंगाचा खर्च. पाच मतांत जजचं मत एकच.

१८७६ च्या राज्यघटनेने सत्ता मुद्दाम फोडून ठेवली आहे. शेरीफ (काउंटीचा पोलीस प्रमुख), क्लर्क थेट निवडून येतात, त्यामुळे जज त्यांना घरी बसवू शकत नाही. फार तर खात्याचे पैसे आवळेल. 'निवडून आलो की शेरीफला सरळ करतो' असं कोणी जजपदाचा उमेदवार म्हणाला, तर त्याला तरी पद कळलंय का बघा.

काउंटी क्लर्ककडे घराच्या दस्तांची नोंद आणि लग्नाचा परवाना. डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या फायली. जस्टिस ऑफ द पीसला किरकोळ समजू नका. भाडेकरूला घराबाहेर काढायचे दावे आणि २०,००० डॉलरपर्यंतचे पैशांचे दावे तिथेच चालतात.

शेरीफ आणि कॉन्स्टेबल (इथे हेही निवडून येणारं पद आहे) यंदा दिसले नाहीत तर गोंधळू नका, ती पदं अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी येतात.

ओवा
करासाठी टॅक्स असेसर-कलेक्टरला धरू नका. नावात असेसर असला तरी घराची किंमत तो ठरवत नाही. तो कर गोळा करतो आणि गाडीचं रजिस्ट्रेशन करतो. किंमत लावतं अप्रेझल डिस्ट्रिक्ट, ते काउंटीपासून वेगळं. तक्रारीची मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची असेल ती. बिल आल्यावर ओरडून उपयोग नसतो, तोवर ही मुदत गेलेली असते. ७५,००० वर वस्तीच्या काउंट्यांत अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संचालक मंडळाच्या तीन जागांवर २०२४ पासून लोक निवडून येतात, पण तुमच्या एकट्याच्या घराची किंमत तेही बदलू शकत नाहीत.

आता बिल काढा आणि ओळी वाचा. काउंटी, शहर, शाळा, कॉलेज असे दर वेगवेगळे लागलेले दिसतील. बहुतेक ठिकाणी सगळ्यांत मोठा आकडा स्कूल डिस्ट्रिक्टचा असतो. कमिशनरवर राग काढून ती ओळ हलत नाही, त्यासाठी स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला जायला हवं.

घाटावरचा
प्रिसिंक्टचं राहिलंच. लांब आकडा मतदान प्रिसिंक्टचा. १ ते ४ मधला कमिशनरचा. तिसरा जस्टिस ऑफ द पीस आणि कॉन्स्टेबलचा. या सीमा जुळतातच असं नाही, म्हणून शेजारच्या गल्लीतल्या मित्राची मतपत्रिका बघून तयारी करू नका. कमिशनरच्या जागांत यंदा २ आणि ४ ची पाळी, १ किंवा ३ मध्ये असाल तर ते नाव बहुधा दिसणारच नाही.

रानजाई
फार छान. फोनवर यादी करून नेली तर चालेल?

ओवा
नाही. मतदान यंत्रांपासून १०० फुटांच्या आत फोन वापरता येत नाही. कागदावर लिहून न्या, ते चालतं. एका बटणात एकाच पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत द्यायची सोय २०२० पासून बंद आहे, त्यामुळे खालपर्यंत एकेक नाव निवडावंच लागतं. ओळख म्हणून टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा अमेरिकन पासपोर्ट न्या. मतदार कार्डावर फोटो नसतो.

आणि घरात कोणी ग्रीन कार्डवर असेल तर लायसन्स नूतनीकरणाच्या अर्जातल्या मतदार नोंदणीच्या प्रश्नाला 'नाही'च लिहायचं. तिथला चुकीचा 'हो' पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येतो.