आयशील्ड २१: मेहनतीची गोष्ट की उपजत गुणांची?

मांगावेडी
रिइचिरो इनागाकींची कथा, युसुके मुरातांची चित्रं, शोनेन जंप साप्ताहिकात २००२ ते २००९, एकूण ३७ खंड. जपानी शाळकरी मुलांच्या अमेरिकन फुटबॉलवरच्या या मांगाबद्दल (जपानी चित्रकथेबद्दल) कुठेही वाचा, 'मेहनत केली की सगळं जमतं' हेच ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. काही गोष्टी कितीही घाम गाळला तरी येत नाहीत हे ही मालिका स्पष्ट सांगते, आणि अशा मुलालाही संघात काम देते.

देइमोन शाळेच्या संघातला युकिमित्सु आठवा. आयुष्यभर फक्त अभ्यास केलेला, दम लगेच संपणारा. तो सराव करतो आणि बाकावर बसतो, सामन्यामागून सामने. शिनर्‍युजी या बलाढ्य शाळेविरुद्ध मध्यंतराला देइमोन ०-३२ ने मागे असतो, तेव्हा कुठे त्याला उतरवतात. तो काही वेगवान झालेला नसतो. पण बचावपटू पुढे धावून आले की मोकळी जागा कुठे पडणार हे तो धावता धावता वाचतो. देइमोनचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणारा, हिरुमा. त्यानेही तेच वाचून चेंडू आधीच तिकडे फेकलेला असतो. त्या सामन्यातला देइमोनचा पहिला टचडाऊन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) या मुलाचा!

हे याच खेळात शक्य आहे. मैदानात एका संघाचे ११ जण, खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. देइमोनच्या पुढच्या फळीतला कुरितासारखा अगडबंब मुलगा चेंडू घेऊन न धावता सामना फिरवतो.

डावा_कोपरा
साफ असहमत. युकिमित्सुचा प्रसंग सुंदर आहे, पण सामने काढतो कोण? सेना, म्हणजे कथेचा नायक. ४० यार्ड ४.२ सेकंदांत धावणारे पाय लेखकाने त्याला पहिल्याच खंडात देऊन टाकलेत. समोर प्रतिस्पर्धी संघातला आगोन, ज्याची प्रतिक्रिया ०.११ सेकंदाची आणि जो सरावाला फिरकतही नाही. खरी लढत अशा देणगीवाल्यांचीच होते, बाकीचे त्यांना वाट मोकळी करून देतात.
आणि कुरिताचं नाव घेतलंत म्हणून आठवण करून देतो. शिनर्‍युजीत खेळाडू म्हणून त्याचा प्रवेश ठरलेला होता. आगोन आला आणि ती जागा गेली. त्याचे मित्र हिरुमा आणि मुसाशी त्याच्यासोबत देइमोनला गेले, तिथून सगळी कथा सुरू होते. म्हणजे पायाच अन्यायाचा आहे.

पहाटवारा
सेनाच्या पायांबद्दल थोडं थांबा. लहानपणी रिकु हा मित्र त्याला धावायला शिकवतो, मग तो वर्षानुवर्षं दादागिरी करणाऱ्या पोरांची कामं करत गर्दीतून पळतो. आणि दुसऱ्या प्रतिस्पर्धी संघातला शिन? सुरुवातीला ४.४ सेकंदांवर असलेला शिन पुढे ४.२ गाठतो. कोणी दिलं त्याला ते? त्याचा दिवस म्हणजे नुसता व्यायाम. मेहनतीचा पक्ष मी तरी सोडणार नाही.

मांगावेडी
@डावा_कोपरा, पाया अन्यायाचा आहे हे मान्य, आणि लेखक तो लपवत नाही म्हणूनच मला ही मालिका आवडते. पण 'वाट मोकळी करून देतात' हे तुम्ही किरकोळ काम असल्यासारखं म्हणताय. मुरातांची चित्रं पुन्हा बघा. पुढच्या फळीतली टक्कर ते पानभर काढतात. जुमोंजी, कुरोकी, तोगानो ही ओवाळून टाकलेली तीन पोरं एक यार्ड सोडायला तयार नसतात. ती मागे ढकलली गेली तर सेनाचे ४.२ सेकंद कुठल्या कामाचे?

सायली_वाचते
देइमोनची मॅनेजर मामोरी, तिचं काय? समोरच्या संघाच्या टिपणांपासून हिरुमाच्या हातखुणांपर्यंत सगळं तिला कळतं, पण तिचं मन आपल्याला क्वचितच दिसतं. प्रत्येकाला जागा असती तर तिला एखादं पूर्ण प्रकरण मिळायला हवं होतं.

डावा_कोपरा
सायली, अगदी बरोबर.
मांगावेडी, तुमच्या मताला खरं उत्तर उनसुई आहे. आगोनचा जुळा भाऊ, रोज नेमाने सराव करणारा. आपल्यात ती देणगी नाही हे ओळखून तो स्वतःला मागे ठेवतो आणि भावाला पुढे करतो. त्याला 'काम' मिळालंय, शिनर्‍युजीचा क्वार्टरबॅक आहे तो. तरी त्याचा चेहरा बघून हे पुरेसं आहे असं वाटतं तुम्हाला?

मांगावेडी
नाही वाटत. पण देइमोनविरुद्धच्या त्याच सामन्यात शिनर्‍युजी ३५-३६ ने हरतं, आगोन असूनही. उनसुईने स्वतःच्या हिमतीवर खेळायचं ठरवलं असतं तर तो निकाल तसाच लागला असता का, हे तुम्ही सांगा.