कावासाकी (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) झालेल्या मुलाच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) एलएडी (हृदयाला रक्त पुरवणारी डावी पुढची धमनी) 2.6 मिमी, हे नॉर्मल का?

नाशिकची_आई:
मुलगा तीन वर्षांचा, वजन 14 किलो, उंची 95 सेंमी. सहा दिवस ताप हटेना, डोळे लालभडक, ओठ फाटलेले. कावासाकीचं निदान झालं, काल आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) लावलं. इकोच्या रिपोर्टवर नुसतं ‘एलएडी 2.6 मिमी’ लिहिलंय. दीर म्हणतात, मोठ्या माणसाची याहून रुंद असते, काळजी कसली? मला झोप नाही.

इकोवाली_पुणे:
ताई, मोठ्यांशी तुलना नकोच. मी रोज लहान मुलांचे इको करते. मुलांची रक्तवाहिनी शरीराच्या क्षेत्रफळावरून, म्हणजे बीएसएवरून जोखतात. उंची गुणिले वजन, भागिले 3600, त्याचं वर्गमूळ. तुमच्या बाळाचं 0.61 चौरस मीटर येतं. एवढ्या अंगाच्या निरोगी मुलाची एलएडी सरासरी 1.9 मिमीच्या आसपास असते. त्या सरासरीपासून आपलं मूल किती दूर, हे झेड स्कोअर सांगतो. झेड (मिमी नव्हे) 2 च्या खाली नॉर्मल, 2 ते 2.5 नुसती रुंदावलेली, 2.5 पासून लहान अॅन्युरिझम (धमनीला आलेला फुगा), 5 पासून मध्यम, 10 पासून जायंट, म्हणजे प्रचंड.

बोस्टनच्या सूत्राने (झेड काढायच्या सूत्रांपैकी एक) तुमच्या 2.6 मिमीचा झेड 2.7 च्या जवळ जातो. म्हणून आजच बालहृदयरोगतज्ज्ञांकडून झेड काढून घ्या.

मात्र इथे सगळा खेळ दशांश मिलिमीटरचा. कर्सर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतच ठेवायचा, फांदी फुटते ती जागा टाळायची. मूल रडून पाय झाडत असेल तर ते माप मी धरतच नाही. डॉक्टरांनी सांगितलं की झोपेचं औषध ट्रायक्लोफॉस पाजून, गाढ झोपल्यावर पुन्हा घेते. वजन-उंचीही त्याच दिवशी मोजलेली हवी, आईला विचारून लिहिलेली नको.

सांगलीचा_बाबा:
आमच्या लेकीचे मिमी तेच, पण दोन ठिकाणी झेड वेगळा आला. सूत्रं वेगळी होती. कुठलं वापरलं ते रिपोर्टवर लिहून मागा आणि पुढचे इको शक्यतो एकाच ठिकाणी करा. सीडी जपून ठेवा.

नाशिकची_आई:
संध्याकाळी राउंडला विचारलं. झेड 2.7 च! पुढचा इको कधी करायचा असतो?

इकोवाली_पुणे:
झेड 2.5 च्या वर असेल तर वाढ थांबेपर्यंत आठवड्यातून दोनदा तरी. नॉर्मल असता तर एक-दोन आठवड्यांनी आणि मग चार ते सहा आठवड्यांनी पुरलं असतं. अॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. गोवर-कांजिण्यांच्या लसी आयव्हीआयजीनंतर 11 महिने लांबवतात, तेही डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.