प्रतिसाद: भंडाऱ्यातील १९५४ची पोटनिवडणूक

वर एका सदस्यांनी बाबासाहेबांच्या भंडाऱ्यातील पराभवाचे कारण काँग्रेसची लाट असे दिले आहे. ते अर्धेच पटते. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात असलेला द्विसदस्यीय मतदारसंघ होता, म्हणजे प्रत्येक मतदाराला दोन मते होती, आणि १९५४च्या त्याच पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, तर राखीव जागेवर बाबासाहेबांना हरवून काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. लाट असती तर तिने मेहतांना सोडले नसते. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. आडोशाला उमेदवारांच्या चिन्हांच्या वेगवेगळ्या पेट्या असत आणि त्यांत मतपत्रिका टाकायची असे. एकाच उमेदवाराला दोन्ही मते देता येत नसल्यामुळे दुसरे मत वाया घालवावे, असा बाबासाहेबांच्या काही कार्यकर्त्यांचा आग्रह होता, पण ज्यांनी राज्यघटना घडवली त्यांना तो मान्य होणे शक्यच नव्हते. आमच्या साकोलीकडे या निवडणुकीच्या गप्पा निघाल्या की बोरकरांचे नाव क्वचितच कोणाला आठवते. द्विसदस्यीय मतदारसंघांची ही पद्धत पुढे १९६१च्या कायद्याने बंद झाली.