अनुभव धागा: डॉक्टर झाल्यावर पुन्हा प्रयोगशाळेत

गोदाकाठची
दिवाळीची झाडलोट चालू आहे. काल आईने माळ्यावरची लोखंडी पेटी काढली, तीत आप्पांची द्राक्षाची कात्री निघाली. दोन्ही मुठींना धोतराची चिंधी गच्च गुंडाळलेली. हात थरथरायला लागले तेव्हा निसटू नये म्हणून आजोबांनी स्वतःच बांधली होती ती. मी नववीत होते. विरळणीच्या दिवसांत एकेका घडाला इतका वेळ लागायचा की शेवटी बायका म्हणायच्या, "आप्पा, राहू द्या, आम्ही करतो."

त्याच्याही चार-पाच वर्षं आधी त्यांचा वास गेला होता. आजी हिंगाची फोडणी द्यायची आणि हे विचारायचे, आज वरण बिनफोडणीचं का? घरात कुणी मनावर घेतलं नाही. पार्किन्सनमध्ये (आप्पांचा आजार तोच, मेंदूतल्या पेशी मरून हालचाल बिघडते) कंप सुरू व्हायच्या कितीतरी आधी वास जाऊ शकतो, हे मला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी कळलं. त्या दिवशी वर्गात पुढचं काही ऐकूच आलं नाही.

त्याच वर्षी फार्माकॉलॉजीच्या मॅडमनी सशांचा प्रयोग सांगितला. अर्विड कार्लसन, १९५७. सशांना रेसर्पिन दिलं (आपल्या सर्पगंधेतलंच), ते निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचलं (मेंदूत त्याचं डोपामिन होतं, हालचालीचे निरोप नेणारं रसायन) आणि ससे उठून हलायला लागले. कार्लसन स्वतः डॉक्टर होते, २००० साली नोबेल मिळालं. आप्पांची दिवसातून तीनदा घ्यायची गोळी तीच, लेव्होडोपाची.

इंटर्नशिप संपल्यावर बंगळुरूला पीएचडीला गेले. साडेपाच वर्षं एकाच प्रथिनाच्या मागे, अल्फा-सिन्यूक्लिन. चेतापेशीच्या टोकाशी असतं, पार्किन्सनमध्ये ते बिघडतं, एकमेकांना चिकटून पेशीत गोळे होतात. आता परत येऊन एमडी मेडिसिन करतेय. नातेवाईक अजून विचारतात, "डॉक्टर झालीस ना, मग परत शिकायला का गेलीस?" कात्री हातात घेऊन बसले होते तेव्हा त्यांना द्यायचं उत्तर सापडलं.

तुमच्यात कुणी असं दोन्हीकडे राहिलंय का? घरी असा आजार असलेल्यांनीही लिहा.

मेनरोड
फोडणीचं वाचून थांबलो. बाबांना गेल्या वर्षापासून उदबत्तीचा वास येत नाही म्हणतात. घाबरू का?

गोदाकाठची
@मेनरोड, लगेच नका घाबरू. सर्दी, सायनस, कोविड, वय, कितीतरी कारणं असतात. सही बारीक होत चाललीय का, चालताना एक हात हलत नाही का, एवढं बघा आणि एकदा दाखवून या.

माशीवाला
मी डॉक्टर नाही, एमएस्सी. गंगापूर रोडवरून थेट कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) प्रोजेक्टला गेलो होतो. ओबेद सिद्दिकींनी १९६२ साली तिथे रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला, फळमाशीवरचं काम तिथे जुनं. पहिले दोन महिने मी मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून माशांचं जेवण बनवलं. कपड्यांना तो आंबूस वास कायम.

पण एक दिवस सरांनी 'शिबिरे' माशांची नळी हातात दिली. जपानीत शिबिरे म्हणजे बधिर. नळी ३० अंशांच्या पाण्यात धरली, मिनिटाभरात सगळ्या माशा टपाटप तळाला. बाहेर काढली, थंड झाली, एकेक पाय झाडत उठल्या आणि भिंतीवर चढल्या. डायनॅमिन नावाचं एक प्रथिन त्या तापमानाला काम सोडतं, चेतापेशीला निरोपाच्या पिशव्या परत भरता येत नाहीत, बस. एका प्रथिनावर अख्खं चालणं उभं आहे हे मी डोळ्यांनी बघितलं. त्या रात्री व्हीटीपर्यंत चालत गेलो, बसमध्ये बसवेना.

पंचवटी एक्सप्रेस
+१ माशीवाला. अवांतर: तेव्हा पासवाले होतात का? चेहऱ्याने ओळखत असू आपण.

माशीवाला
शनिवारी घरी, सोमवारी पहाटे नाशिकरोड. दरवाज्याजवळचा गट आमचाच!

उणे ऐंशी
मी पण एमबीबीएस, मग पीएचडी. शहर सांगत नाही. शनिवारी रात्री वीज गेली, जनरेटर लागला नाही, सोमवारी फ्रीजर उघडला तर खाली पाणी. दोन वर्षांचे नमुने. पेशंटनी कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढू दिलं होतं माझ्यासाठी, ते. त्या लोकांना काय सांगायचं हाच विचार डोक्यात. एका आजींना फोन केला, त्या म्हणाल्या, "पुन्हा घे की बाळा." अजून लिहिताना भरून येतं. ड्यूटी आहे, नंतर येतो.

गोदाकाठची
@उणे ऐंशी 🙏 त्या आजींना माझा नमस्कार.

द्राक्षबाग
ताई, पिंपळगावहून लिहितोय, डिपिंग (घड औषधात बुडवणं) चालू आहे म्हणून थोडक्यात. वडिलांनी ३० वर्षं फवारणी केली, तोंडाला फडकंसुद्धा नाही. आता पार्किन्सन. औषधांमुळेच का?

गोदाकाठची
दादा, पॅराक्वॉट या तणनाशकाचा पार्किन्सनशी संबंध अभ्यासांत दिसलाय. रोटेनोन हे कीटकनाशक उंदरांना देत राहिलं की तशीच लक्षणं दिसतात. पण एका माणसाला नेमका कशाने झाला, हे कुणालाच सांगता येत नाही. मीही आप्पांबद्दल सांगू शकत नाही, आणि फार वाटतं सांगता यावं म्हणून. तुम्ही मात्र आजपासून मास्क आणि हातमोजे घाला, आंघोळ केल्याशिवाय मुलांना उचलू नका.

मेनरोड
मेंदूत डोळ्यांना काही दिसतं का हो, की सगळं सूक्ष्मदर्शकात?

गोदाकाठची
दिसतं. निम्हान्सची (बंगळुरूची मेंदू आणि मनोविकारांची संस्था) ब्रेन बँक १९९५ पासून आहे, लोकांनी दान केलेले मेंदू तिथे जपतात. तिथे मला दोन काप शेजारी ठेवून दाखवले. निरोगी मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना काळी रेघ असते, काजळाचं बोट ओढल्यासारखी. डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा रंग तो. पार्किन्सनच्या कापात ती रेघ पुसट, जवळजवळ नाहीच. मी बराच वेळ तशीच उभी होते. ज्या घराने तो मेंदू दिला त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

आडगाव नाका
लेक एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला संशोधन करायचंय. सुरुवात कुठून?

गोदाकाठची
आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांचा प्रकल्प असतो, गाइड कॉलेजमधलेच. मीही तिथूनच सुरुवात केली. विषय मोठा घेऊ देऊ नका, पेशंटच्या कॉटशेजारी सुचलेला प्रश्न घेऊ द्या. तिला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, माझा जुना अर्ज पाठवते.

सिडकोची सून
सासऱ्यांना कुणीतरी खाजकुयलीच्या बियांची पावडर दिलीय, गोळ्यांसोबत घेतात. आयुर्वेदिकच आहे, चालेल ना?

गोदाकाठची
ताई, खाजकुयलीत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणूनच जपायचं. गोळीत त्याची भर पडते. मळमळ, चक्कर, अंगाच्या वेड्यावाकड्या हालचाली होऊ शकतात. गोळ्या मनाने बंद करू नका, ती डबी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

सिडकोची सून
हो, मान फिरवत असतात हल्ली सारखी. आम्हाला वाटलं आजारच वाढला. उद्या ११ची वेळ मिळालीय.

गोदाकाठची
बरं झालं. गोळ्या आणि पावडर कितीला घेतात, मान कधी फिरते, सगळं कागदावर वेळेसकट लिहून न्या.