बाळंतपणाची रजा मागताना काय घडलं? तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. तिला तिसरा महिना लागलाय आणि नोकरीला लागून सातच महिने झालेत. ऑफिसात सांगितल्यावर एचआरच्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वर्ष पूर्ण नाही ना झालं तुमचं, मग रजा बसत नाही. आत्ता राजीनामा द्या, बाळ जरा मोठं झालं की पुन्हा घेऊच की." भाचीने मला विचारलं, "मावशी, खरंच बसत नाही का गं?"

बसते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. वर्षाची अट कायद्यात कुठेच नाही. तिला मी एकच गोष्ट तीनतीनदा बजावली : राजीनाम्यावर सही करू नकोस. रजेमुळे किंवा रजेच्या काळात कंपनीने काढून टाकलं तर तो त्यांचा गुन्हा ठरतो, आणि गरोदरपणात काढलं तरी रजेचे पैसे बुडत नाहीत. स्वतःच्या सहीने राजीनामा दिलास तर मात्र कागदावर ती तुझी 'स्वेच्छा' होते आणि पुढे भांडायला जागा उरत नाही.

माझं बाळंतपण १९९८ चं. तेव्हा रजा १२ आठवड्यांची. त्यातले चार मी आधीच वापरले होते, म्हणून लेक दोन महिन्यांची झाली नि मी कामावर रुजू झाले. दुपारी दोन वाजले की छाती दगडासारखी व्हायची. ब्लाउजच्या आत रुमालाची घडी आणि खांद्यावरून पदर पुढे ओढलेला, अशी मी हिशेब तपासत बसायचे. १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे झाले तेव्हा मला रडू आलं होतं. आनंदाने आलं आणि उशीर झाल्याच्या दुःखानेही.

१९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण हे आकडे तेच राहिलेत. तरी मुली आजही "रजा बसत नाही" ऐकून गप्प बसतात. म्हणून हा धागा. तुमच्या बाबतीत काय घडलं, कोण काय म्हणालं, तुम्ही काय केलंत, कुठला कागद कामाला आला, ते लिहा. कंपनीचं, दवाखान्याचं, साहेबांचं नाव नको. बाकी सगळं मोकळेपणाने लिहा.

एक्स-रे टेक्निशियन, खासगी रुग्णालय

मला दोन वेळा दिवस राहिले.

पहिल्या वेळी मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही, असं सासूबाईंनीही बजावलं होतं. विभागातल्या दोघी आधीच रजेवर होत्या, त्यामुळे तिथे तोंड उघडायची हिंमतच नव्हती. ऑर्थोच्या ऑपरेशनला सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र) लावायचा, पाच किलोचा लेड (शिशाचा) अप्रन अंगावर चढवून तासन्‌तास उभं राहायचं. नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. तो रेडिएशनमुळे झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत असं पुष्कळ जणींचं होतं. पण त्या दिवसांत पोटापर्यंत किती डोस पोचला, हे मला कधीच कळणार नाही. अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा टीएलडी बॅज छातीला लावायचा असतो आणि माझा निम्मे दिवस ड्रॉवरमध्येच पडलेला असायचा. ही चूक माझीच, आणि ती मला अजून सलते.

चौथ्या दिवशी मी ड्यूटीवर हजर झाले. दोनच सीएल (किरकोळ रजा) शिल्लक होत्या. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा असते, इतकंच नाही तर माहीत असताना त्या सहा आठवड्यांत बाईला कामाला लावणंच बेकायदा आहे, हे मला तीन वर्षांनंतर कळलं. सुपरवायझरला माहीत होतं का, ते मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या वेळी सातव्या आठवड्यातच रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला पत्र दिलं. आम्हा काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आहे. पण गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या पूर्ण काळात बाळाला एकूण १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त पोचता कामा नये. म्हणजे न कळवणाऱ्या बाईच्या बाळाला ही मर्यादा मिळतच नाही, कारण कुणाला माहीतच नसतं! सर भले होते. मला सी-आर्मवरून काढून कन्सोलवर आणि रिपोर्टिंगला बसवलं. मी अप्रनच्या आतून पोटाशी दुसरा बॅज लावायला मागितला, तोही मिळाला. रिपोर्टचा कागद आला की मी आधी त्या ओळीवर बोट ठेवायचे. दर वेळी आकडा नगण्य निघाला. मुलगा आता पहिलीत आहे.

धागाकर्ती

ताई, सहा आठवड्यांचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या ओळखीच्या निदान चौघी अशाच चौथ्या-पाचव्या दिवशी कामावर गेल्या आहेत. गर्भपाताला रजा मागायची असते हेच कुणी सांगत नाही. घरातही त्याला बाळंतपण मानत नाहीत, मग ऑफिस कशाला मानेल? वैद्यकीय गर्भपातालाही ही रजा लागू आहे. पुढे त्यातून आजारपण आलं तर आणखी एक महिना मिळतो.

कपड्यांच्या मोठ्या दुकानात काउंटरला

आमच्याकडे बसायची पद्धतच नाही. गिऱ्हाईक आलं आणि मुलगी बसलेली दिसली तर मॅनेजर ओरडतो. सहाव्या महिन्यात माझे पाय इतके सुजायचे की संध्याकाळी चपलेचा पट्टा मांसात रुतलेला असायचा. तो काढताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी वॉचमनकाकांनी स्वतःचं स्टूल आणून काउंटरमागे ठेवलं. म्हणाले, "पोरी, बस. मी दाराशी आहे, साहेब आले की खोकतो."

डिलिव्हरीच्या आधीच्या सहा आठवड्यांच्याही मागच्या एका महिन्यात आपण मागणी केली तर फार वेळ उभं राहायचं, कष्टाचं काम देता येत नाही, आणि तेवढ्यासाठी पगारही कापता येत नाही. माझ्यासाठी ते दिवस म्हणजे आठवा महिना. सुजायला सुरुवात सहाव्यातच झाली होती, त्याचं काय करायचं ते कायद्यात नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली, "दर तासाला दहा मिनिटं बसणे आवश्यक". ती दाखवल्यावर मॅनेजर काही बोलला नाही. काकांचं स्टूल मात्र शेवटपर्यंत तिथेच राहिलं.

कंत्राटी प्राध्यापिका

माझं कंत्राट अकरा महिन्यांचं होतं आणि बाळ होणार दहाव्या महिन्यात. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, रजा कंत्राट संपेपर्यंतच. पुढचे तुम्ही आमच्या कर्मचारीच नाही." मलाही ते पटलं होतं! नवऱ्याच्या मित्राने ऑगस्ट २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला. दिल्लीच्या डॉ. कविता यादव यांची केस. त्यांना १ जून २०१७ पासून रजा हवी होती, कंत्राट ११ जूनला संपत होतं, म्हणून दवाखान्याने त्यांना ११ दिवस दिले. कोर्टाने सांगितलं की अटी पूर्ण असतील तर २६ आठवड्यांचा पूर्ण लाभ द्यावा लागतो, मग मध्ये कंत्राट संपो. मी निकालाची प्रत जोडून अर्ज दिला. चार महिने फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, पण पैसे मिळाले. पुढचं कंत्राट मिळालं नाही. ते कशामुळे, हे कुणी लेखी देत नाही.

धागाकर्ती

हे शेवटचं वाक्य वाचून जीव तुटला.

छोट्या कारखान्याचा मालक (पुरुषाने लिहिलेलं चालेल ना?)

माझ्याकडे १४ माणसं आहेत, पाच बायका. खरं सांगतो, २०१७ मध्ये २६ आठवडे झाले तेव्हा मी घाबरलो होतो. सहा महिने एकीचा पगार द्यायचा आणि तिच्या जागी दुसरीचाही द्यायचा, हे लहान धंद्याला झेपत नाही. त्यानंतरच्या दोन मुलाखतींत मी मुलींना "लग्न कधी?" असं विचारलं. आता त्याची लाज वाटते.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरणाऱ्या कामगारांची प्रसूती रजा महामंडळ देतं, मालक नाही, हे आमच्या अकाउंटंटने समजावलं. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि आधीच्या दोन सहामाही हप्ता-कालावधींत मिळून ७० दिवसांचं योगदान असेल, तर २६ आठवडे पूर्ण सरासरी वेतन त्यांच्याकडून मिळतं. माझ्या पाचपैकी चौघी त्यात बसतात. म्हणजे मी ज्या खर्चाला भीत होतो तो बहुतेक माझा नव्हताच! माझ्यासारख्या मालकांनी आधी स्वतःची नोंदणी तपासावी. त्या मर्यादेच्या वरच्या पगाराच्या बाबतीत मात्र सरकारने काही भार उचलला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. नाहीतर कायदा बाईच्या बाजूने आणि नोकरी तिच्या विरोधात, असं होतं.

धागाकर्ती

दादा, जरूर लिहा. हे प्रांजळपणे सांगणारे मालक कमी असतात. तुमचं शेवटचं म्हणणं जुनंही आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता : आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने सोसावा. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात कायदा झाला. शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून तिथेच बोलतोय.

धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी

आई चार घरची कामं करायची. धाकट्याच्या वेळी आठवा महिना संपेपर्यंत फरशी पुसली. उकिडवं बसता येईना म्हणून गुडघ्यांवर रांगत पुसायची. दोन घरांनी दुसरी बाई धरली, एका घराने "बाळ झालं की ये" म्हटलं आणि पैसे दिले नाहीत. चौथ्या घरातल्या आजींनी दोन महिन्यांचा पगार घरी आणून दिला, वर बाळाला दुपटी शिवून दिली.

वरचे सगळे कायदे ऑफिस, दुकान, कारखाना असलेल्यांचे. माझ्या आईच्या मालकिणी चार आणि आस्थापना एकही नाही. तिला मिळाले ते फक्त आजींच्या चांगुलपणामुळे. आता पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अंगणवाडीत नाव घालावं लागतं. धाकटा हा दुसरा आणि मुलगा, म्हणजे आज असता तरी काही नाही. इथे बऱ्याच जणींकडे कामाला ताई येत असतील. त्या पोटुशी असतील तर पुसायला लांब दांड्याचा मॉप द्या, जड बादली तुम्ही उचला, आणि निदान सहा आठवड्यांचा पगार चालू ठेवा. एवढंच मागते.

आयटीमधली

थोडक्यात लिहिते. रजा पूर्ण मिळाली, पगार वेळेवर. परत आले तर माझी टीम दुसऱ्याकडे आणि अप्रेझलला सर्वांत खालचा शेरा, "वर्षभरात योगदान कमी". योगदान कमी म्हणजे मी बाळंतीण होते! रजेच्या काळात सेवेच्या अटी बाईच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत, हे ई-मेलमध्ये लिहून विचारलं की शेरा कोणत्या महिन्यांवर दिला आहे. दहा दिवसांनी शेरा बदलला. टीम नाही मिळाली.

पाळणाघराचंही सांगते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते बंधनकारक आहे आणि दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन वेगळ्या सुट्ट्या असतात. आमच्याकडे पाळणाघर म्हणून दाखवलेल्या खोलीत जुने प्रिंटर ठेवलेत. मी टॉयलेटमध्ये कमोडचं झाकण पाडून पंप करायचे. बाहेरून कुणी दार ठोठावलं की दूध यायचं थांबायचं.

पाचवा महिना

सगळं वाचलं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर रसायनांच्या वासात. अजून कुणालाच सांगितलेलं नाही, ढगळ कुर्ते घालते. काय लिहायचं पत्रात? मला सुरुवातच सुचत नाहीये.

एक्स-रे टेक्निशियन

मी दिलेलं पत्र खाली देते, तुझ्या कामाप्रमाणे बदल.

"मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. माझ्या सध्याच्या कामात पुढील गोष्टींशी संपर्क येतो : (इथे फॉर्मॅलिन, झायलीन, जे असेल ते नावानिशी लिही). बाळाच्या सुरक्षेसाठी मला या कामाऐवजी दुसरं काम त्याच पगारात द्यावं, ही विनंती. मी अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जाईन."

रजा डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येते, त्या हिशेबाने तारीख टाक. दोन प्रती काढ. एक आत दे, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घे. पोच दिली नाही तर तेच पत्र लगेच ई-मेल कर. आणि उद्याच दे गं, सोमवारची वाट बघू नकोस.