मदत हवी आहे: गिरगावातलं जुनं घर, सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा का?

मंडळी, गिरगावातल्या एका वाडीत आमचं तळमजला अधिक एक मजला असं घर आहे. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटांच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा. घराने शंभरी ओलांडली आहे यावर घरात एकमत आहे (एकमत होणारी ही बहुधा एकमेव गोष्ट). वर आत्या राहते, खाली आम्ही.

नव्वदच्या दशकात ओल थांबावी म्हणून तळमजल्याच्या भिंतींना आतून-बाहेरून कमरेइतका सिमेंटचा गिलावा केला गेला. ओल थांबली नाही, वर सरकली. आता सिमेंट जिथे संपतं तिथून वर हातभर पट्ट्यात लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटतो, रंगाचे पापुद्रे गळतात आणि बोट फिरवलं की विटेचा भुगा हाताला लागतो. व्हरांड्यातल्या दोन खांबांचे पायही तेव्हाच सिमेंटमध्ये चिणले होते. तिथे आता टोचा सहज आत जातो. वरचं लाकूड मात्र ठणठणीत आहे.

३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट लागतं म्हणून करून घेतलं. अहवालात पॉलिमर मॉर्टर, वॉटरप्रूफिंगचं केमिकल आणि खांबांच्या जागी लोखंडी चॅनेल सुचवले आहेत. कंत्राटदार म्हणतो, "ताई, चुना आता कोण करतो? दहा वर्षं बघायला नको, सिमेंट मारून टाकू." पण जे करून भिंत बिघडली तेच पुन्हा, आणखी जाड थरात, का करायचं?

जाणकारांनी कृपया सांगावं: विटांना इजा न होता सिमेंट कसं काढायचं? चुन्याचं मिश्रण काय ठेवायचं, गूळ-हिरडा खरंच लागतो का? खांब पूर्ण बदलावे लागतील का? काम दिवाळीनंतर सुरू करायचा विचार आहे.

प्रतिसाद १:
चुन्याच्या आधी एक विचारते. तुमची गल्ली जोत्याच्या किती खाली आहे? मुंबईत दर वेळी जुन्या फरशीवरच नवे पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट टाकतात. गल्ली चढते आणि घर आहे तिथेच राहतं. पावसाचं पाणी मग भिंतीच्या पायाशी साचतं. असं असेल तर चुना लावा की सोनं, ओल चढणारच. कौलांची पन्हळ आणि पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं तेही या पावसातच पाहून घ्या, नंतर कळणार नाही.

प्रतिसाद २:
वरच्या ताईंशी सहमत. जुन्या विटेत ओल येणार हे धरूनच ती भिंत बांधलेली असते. चुन्यातून ती हवेत उडून जाते. सिमेंटने वाट बंद केली की पाणी पुढची मोकळी जागा शोधतं. म्हणून तुमचा लोणा बरोबर सिमेंटच्या वर आहे.

सिमेंट छिन्नी-हातोड्यानेच काढा, कडेकडेने. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, विटेचा पृष्ठभाग सोलून निघतो. मग निदान दोन-तीन कोरडे महिने भिंत उघडी ठेवा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलेत तर परत आत जातील.

चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विझवून केलेली पुट्टी जितकी मुरेल तितकी चांगली, काही आठवडे तरी द्या. साधारण एक भाग पुट्टीला अडीच ते तीन भाग चाळलेली, खारट नसलेली वाळू. खालच्या ओल्या पट्ट्यात थोड्या वाळूऐवजी सुर्खी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घाला. विझवताना पाणी उकळतं, डोळ्यांवर चष्मा हवाच. गूळ-हिरड्याचं कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत. वाळू वाईट असेल तर हिरडा काही वाचवत नाही. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून थर पातळ ठेवा आणि उन्हात तडकू नयेत म्हणून ओली गोणपाटं लावा. वर प्लास्टिक पेंट मात्र नको, चुन्याचीच सफेदी.

खांब बदलू नका. टेकू देऊन सडलेला पाय कापायचा, जुन्या सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडायचा आणि तो दगडी तळखड्यावर, जमिनीपासून वर टेकवायचा. रे रोडच्या वखारींत पाडलेल्या घरांचं सागवान विचारा. मात्र भार किती आहे हे बघायला जुन्या लाकडी इमारतींचं काम केलेला इंजिनिअर हवाच. इन्टॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या मुंबई विभागात विचारलंत तर संवर्धन वास्तुविशारद मिळतील, त्यांच्याकडे चुन्याचे गवंडी असतात. आणि वाडी पालिकेच्या वारसा यादीत आहे का ते वॉर्ड ऑफिसमध्ये आधी बघा, असेल तर परवानगीची वाट वेगळी.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. आत्याला विचारलं. ती म्हणते, तिच्या लहानपणी व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या. आज एक आहे, तीही अर्धी. म्हणजे आधी गल्लीच बघायला हवी. पाणी भिंतीशी साचू नये म्हणून भिंतीलगत वीतभर रुंद चर खणून खडी भरायची असेल, आणि गल्ली वाडीच्या सामाईक मालकीची असेल, तर पालिकेकडे जायचं की आधी शेजाऱ्यांची सही घ्यायची? कुणी केलंय का असं?