कोटाला नियम असतात की नुसत्या सवयी?

इतवारीकर
मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे. नागपुरात बर्डीवर कोट शिवायला टाकायला गेलो तर टेलर म्हणतो, "आता नियम कोणी पाळत नाही, तुम्ही सांगाल तसं शिवतो." मला हे पटत नाही. कॉलर मानेला टेकलेली हवी, मधे फट दिसता कामा नये. खांद्याची शिलाई आपला खांदा संपतो तिथेच संपावी. बाहीखाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. हे नियम नाहीत तर काय?

धरमपेठी
नियम कसले, एका राजघराण्याच्या सवयी! सर्वात खालचं बटण उघडं ठेवायचं, कारण इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचं पोट सुटलं होतं असं सांगतात. कोटाला मागे चीर, ती घोड्यावर बसता यावं म्हणून. रात्रीच्या समारंभाला काळाच कोट हवा म्हणे, आणि त्याच एडवर्डचा नातू, ड्यूक ऑफ विंडसर, गडद निळा घालायचा, कारण दिव्याच्या उजेडात तो काळ्यापेक्षा काळा दिसतो. लंडनच्या हवेतलं हे सगळं आपण ४५ डिग्रीत काहून सोसायचं?

कैची-टेप
आमची तिसरी पिढी शिवून राहिली, म्हणून बोलतो. बटणाची गोष्ट सवयीतून आली असेल, पण आता कोटाचा पुढचा भाग मधल्या बटणाखाली गोल वळवूनच कापतात. खालचं बटण लावलं की कापड ओढतं, चुण्या पडतात. सवय कटिंगमध्ये उतरली, आता ती मोडायची तर कटिंग बदलावं लागेल.

मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या घेराचं, तर सवयीशी काही घेणंच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "ढिला ठेवा, मोकळं वाटेल." मुंढा खोल कापला तर हात वर करताच अख्खा कोट वर येतो. काखेजवळ, उंच कापला तर हात हलतो आणि कोट जागेवर राहतो. ट्रायलला हे दाखवल्याशिवाय कोणाला पटत नाही.

उन्हाचं म्हणाल तर इटलीतल्या नेपल्सच्या कारागिरांनी खांद्याचे पॅड काढले, अस्तर कमी केलं. माप तेच ठेवलं. टेरीवूलऐवजी, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या वूलऐवजी, विरळ विणीचं हलकं वूल घ्या, हवा खेळते.

काळा कोट
आम्हा वकिलांचा नियम तर लेखी आहे. बार कौन्सिलने उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती ठेवली नाही, पण हायकोर्टात सवलत नाही. शहर एकच, ऊन एकच. इथल्या खंडपीठात उभं राहायचं तर कोट घालावाच लागतो. तो मुंढ्यात चुकला असेल तर युक्तिवादापेक्षा बाहीकडेच लक्ष जातं.

धरमपेठी
बटणाचं मानलं. मग बंदगळाच शिवा ना भाऊ! टाय नाही, लेपल म्हणजे छातीवरची दुमडलेली पट्टी नाही, तुमचे अर्धे नियम तिथेच गळाले.

इतवारीकर
उलट बंदगळ्यात कॉलर चुकली तर झाकायला टायही नाही. तो जास्त कडक. तरी विचार करतो. अस्तर अर्धं, कापड विरळ, मुंढा उंच, एवढं टेलरला सांगून आलो. कॉलरसाठी मात्र दुसरी ट्रायल मागितली आहे, रविवारी जातो.